औषधाच्या कागदावरची फ्रेंच

आमच्या वन्संना फ्रेंच वाचता येते हे घरात कळायला नऊ वर्षं लागली. कळलं तेही खोकल्याच्या औषधामुळे.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. वय छत्तीस. लग्नाचं दोनदा जुळत आलं आणि दोनदा फिसकटलं. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही. औषधाच्या कारखान्यात त्या चौदा वर्षं कागद तपासतात. बाटलीबरोबर खोक्यात पातळ कागदाची घडी असते ना, जी आपण न वाचता फेकून देतो, ते पत्रक. छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे येतात. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक काढायचं, काचेखालच्या मंजूर नमुन्याशेजारी पसरायचं, ओळीखाली लोखंडी पट्टी धरायची आणि अक्षर न् अक्षर जुळवायचं. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं दिसलं की आख्खा लॉट परत. परदेशी जाणाऱ्या मालाच्या पत्रकावर एका अंगाला आपली भाषा आणि दुसऱ्या अंगाला फ्रेंच असते. टेबलावर कुणाला फ्रेंच येत नाही, यायची गरजही नाही. मुंग्यांची रांग मोजावी तशी अक्षरं मोजायची.

तर त्यांच्या नोकरीच्या नवव्या वर्षी यांना खोकला झाला होता. खोका चेपला म्हणून कारखान्यातून बाहेर काढलेली एक बाटली वन्संनी घरी आणली होती. तिच्या कागदावर आपल्या भाषेच्या बाजूला नेमकी शाई सांडलेली. हे कुरकुरले, "आता चमचे किती घ्यायचे ते काय देवाला विचारू?"

"दे इकडे," म्हणून वन्संनी कागद उलटा केला. "दोन चमचे, जेवणानंतर. आणि दादा, हे घेतल्यावर गाडी चालवायची नाही."

"माझ्याकडे सायकल आहे."

"सायकलीचं काही लिहिलेलं नाही."

यांचा चमचा हवेतच. "तुला ते पलीकडचं वाचता येतं?"

वन्सं लाजल्या. चोरी पकडली गेल्यासारख्या म्हणाल्या, "येतं असं नाही रे. शेजारीशेजारी ठेवून ठेवून कळायला लागलं."

पुढे त्यांनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड शब्दकोश आणला. त्याची पहिली काही पानं गायब होती, म्हणून त्यांना बरेच दिवस अ-ने सुरू होणारं काहीच येत नव्हतं. सुट्टीच्या दुपारी मी भाजी निवडत बसले की त्या शेजारी भिंतीला टेकून, पाय पसरून बसत आणि डोळे अर्धवट मिटून मला त्या देशाचं वर्णन सांगत. तो देश त्यांनी पाहिला नव्हता, चित्रातही फारसा नाही. सगळा देश त्यांनी पत्रकांवरून उभा केला होता.

"वहिनी, तिथे ना, सगळ्या वस्तू कोरड्या जागी ठेवलेल्या असतात. उजेडापासून लांब. मला वाटतं घराघरात खूप कपाटं असतील. आणि सगळी उंचावर. कारण मुलांचे हात पोचता कामा नयेत."

"मग मुलं काय करतात?"

"टाचा उंच करून उभी असतात दिवसभर."

"आणि मोठी माणसं?"

"जरा झोपाळलेली. जिन्यावरून जपून उतरतात. आणि सारखी डॉक्टरांशी बोलतात. ‘आपल्या डॉक्टरांना सांगा’ असं दर चार ओळींनी लिहिलेलं असतं. पाय सुजले, सांगा. प्रवासाला निघालात, सांगा. तिथल्या डॉक्टरांचे कान काय मऊ झाले असतील ग ऐकून ऐकून!"

मी हसायची. पण भाजी निवडता निवडता मलाही तो देश दिसू लागला होता. संथ दुपार, अर्धे लावलेले पडदे, बशीत ठेवलेला स्वच्छ चमचा, कुणी कुणावर ओरडत नाही. मला वाटायचं, देवाचं घर असंच काहीसं असणार. तिथेही सगळं जपून ठेवलेलं असतं म्हणतात.

शिक्षिका व्हायचं मात्र त्यांच्या डोक्यात नव्हतं. ते आलं गेल्या वर्षी.

टेबलावर पन्नाशीची एक नवी बाई लागली. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच नोकरीला बाहेर पडलेली. तिच्या हातून चुका निसटायच्या, मग ती डोळे पुसत बसायची. एकदा वन्संनी तिच्या पट्टीखालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं, "या ओळीत काय लिहिलंय माहितीय? ‘एखादा डोस चुकला तर घाबरू नका. पुढचा डोस नेहमीच्या वेळी घ्या.’" ती बाई त्या ओळीकडे बघतच राहिली. मग पुढची ओळ काय, त्याच्या पुढची काय, असं विचारत सुटली. महिनाभरात तिला तीसेक शब्द ओळखू येऊ लागले.

टेबलाच्या मोठ्या बाईंनी ते ऐकलं आणि वन्संना बाजूला घेतलं. "अर्थ शिकवू नका तिला. अर्थ कळला की डोळा घसरतो. माणूस वाचायला लागतो आणि चूक दिसेनाशी होते. आपल्याला वाचणारे नकोत, बघणारे हवेत."

मोठ्या बाईंचं बरोबरच होतं, असं वन्सं स्वतःच म्हणाल्या. त्यांचं त्यांनाही कळत होतं की हल्ली त्या ओळीत रमतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून पट्टी लावावी लागते. "पण वहिनी," त्या म्हणाल्या, "ओळ कळल्यावर त्या बाईचा चेहरा कसा झाला होता सांगू? आतून कुणी पडदा सारल्यासारखा. मला तसे चेहरे बघायचेत. रोज. त्याच कामाचा मला पगार देणारं कुणीतरी हवं."

आठवड्याभरात त्यांच्या खोलीत भिंतीवर योजना लागली. एका बाद पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, बारीक सारख्या अक्षरात, पत्रकासारखीच. पहिली तीन वर्षं कॉलेज, फ्रेंचची पदवी, वर्ग सकाळचे. त्या काळात नोकरी दुपारच्या पाळीत. पुढची दोन वर्षं शिक्षकी पदवी. मग शाळेत फ्रेंचची शिक्षिका. रोज सकाळी एक तास वाचन, दुपारी प्रवासात शब्द, सुट्टीच्या दिवशी उजळणी. खाली तारीख आणि सही.

यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे यांचे विनोदही काचेचेच. योजना वाचून म्हणाले, "पदवी मिळेपर्यंत चाळिशी लागेल तुला. पहिला चष्मा माझ्याकडून फुकट."

"फ्रेम मी निवडीन."

"आणि वर्गातल्या पोरी मावशी म्हणतील, ते चालेल?"

"म्हणू देत की. पत्रकात कुणी मावशी नव्हती. तेवढा शब्द आयता मिळेल."

कॉलेजात ज्यांनी शाळेत फ्रेंच घेतलेली नाही त्यांच्यासाठी तोंडी परीक्षा असते. त्यात पास झालं तर पदवीच्या पहिल्या वर्षाला थेट प्रवेश. वन्संनी चार महिने तयारी केली. सकाळी मी देवाजवळ बसले की पलीकडच्या खोलीतून त्यांची पुटपुट ऐकू यायची. माझा जप आणि त्यांची फ्रेंच एकमेकांत मिसळून जायची. एकदा तर मी मण्यांवर चुकून त्यांचाच शब्द ओढला. देव समजून घेईल म्हणून पुढे गेले.

परीक्षेला मी बरोबर गेले होते. लांबलचक मार्गिका, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला बंद दारं, भिंतीलगत लाकडी बाक. बाकावर आमच्या भोवती सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं. कुणी मोबाइलमध्ये, कुणी एकमेकांच्या पाठीवर थापा मारण्यात. वन्संनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या आत गेल्या. दार लागलं. मी मनातल्या मनात नाम घेत बसले.

पंधरा मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज आला, एका बाईचा, मनापासून, थांबता न येणारा. माझं नाम मध्येच राहिलं. आणखी वीस मिनिटांनी वन्सं बाहेर आल्या. येऊन शेजारी बसल्या. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा.

"काय झालं हो?"

"वाचायला दिलं ते घडाघडा वाचलं. अर्थ सांगितला. मॅडम खूष झाल्या. मग म्हणाल्या, पुस्तक मिटा. बाहेर तुमच्याबरोबर कोण आलंय? मी म्हटलं, वहिनी. म्हणाल्या, वहिनींबद्दल फ्रेंचमध्ये सांगा थोडं."

"मग?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मला काही सुचेना. म्हणजे जे सुचलं ते सगळं पत्रकातलं. मी म्हटलं, माझी वहिनी. रोज सकाळी एकदा, उपाशीपोटी, देवाजवळ. कोरड्या जागी राहते. जोरजोरानं हलवू नये. तब्येत बिघडल्यास तिला ताबडतोब सांगावं."

मला हसू आवरेना. बाकावरची पोरं वळून बघायला लागली. "अहो, पण खोटं काय आहे त्यात?"

"हेच मॅडम म्हणाल्या. डोळे पुसत म्हणाल्या, इतकं खरं वर्णन मी वर्षभरात ऐकलं नाही. पण मग त्यांनी विचारलं, काल काय झालं ते सांगा. लहानपणीची एखादी आठवण सांगा. कुणावर राग आलाय का, सांगा." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "वहिनी, पत्रकात काल नसतोच ग. तिथे कुणाला काही आठवत नाही."

मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. वाचन तिसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा चांगलं, पण या भाषेत तुम्ही अजून एक दिवसही राहिलेला नाहीत. थेट प्रवेश देता येणार नाही. पूर्वतयारीच्या वर्गात एक वर्ष बसा, अगदी पहिल्या धड्यापासून, या पोरांबरोबर. अर्ज शुक्रवारपर्यंत.

तेवढ्यावर भागलं असतं. पण परत जाताना आम्ही कार्यालयाच्या खिडकीशी थांबलो, पूर्वतयारीचा अर्ज घ्यायला. तिथल्या कारकुनानं सहज विचारलं, पुढे काय करायचंय? शाळेत शिकवायचंय म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. "एवढ्या एकाच विषयावर? ताई, शिक्षकी पदवीला शाळेतले दोन विषय लागतात. नुसत्या फ्रेंचवर नाही घेत. पदवीलाच दुसरा विषय जोडून घ्यावा लागतो. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

कोण सांगणार? वन्संनी कुणाला विचारलंच नव्हतं. चौदा वर्षं सगळं शेजारीशेजारी ठेवून स्वतःचं स्वतः जुळवायची सवय. योजनाही तशीच एकटीनं जुळवलेली.

घरी आल्याआल्या त्यांनी भिंतीवरचा कागद काढला, लाल पेन्सिलीनं त्यावर आडवं ‘रद्द’ लिहिलं, खाली सही केली आणि कागद ओट्यावर माझ्यासमोर ठेवला. पेन्सिलही.

"सही कर वहिनी."

"माझी कशाला?"

"रद्द करायला दोन सह्या लागतात. तपासणाऱ्याची आणि फेरतपासणी करणाऱ्याची." थट्टा होती की नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मला वाटतं त्यांनाही कळत नसावं. हातानं सवयीनं केलं आणि मन मागून चालत आलं, तसं.

मी हात पुसले. "न तपासता सही करू? मोठ्या बाईंनी पकडलं तर नोकरी जाईल माझी."

हे दारात उभे होते. म्हणाले, "भिंग देऊ का?"

"पट्टी द्या," मी म्हटलं.

खरंच पट्टी घेतली आणि पहिल्या ओळीखाली धरली. एकेक ओळ मोठ्यानं वाचली. वर्ग सकाळचे. "यात चूक आहे?" वन्सं म्हणाल्या, "नाही." नोकरी दुपारच्या पाळीत. "यात?" "नाही. मोठ्या बाईंनी हो म्हटलंय." रोज सकाळी एक तास वाचन. "हे तर मी कानानं तपासलंय." प्रवासात शब्द, सुट्टीला उजळणी. "नाही." असं करत करत तळापर्यंत आलो. चुका निघाल्या दोन. वर्षं पाचाची सहा, आणि दुसऱ्या विषयाची एक ओळ राहिलेली.

"दोन ओळींसाठी आख्खा लॉट फेकता?"

"तिथे एका अक्षरासाठी फेकतात, वहिनी."

"तिथलं औषध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं, म्हणून फेकतात. फेकायलाच हवं. यानं कुणाच्या पोटात दुखणार आहे?"

"माझ्या," हे म्हणाले. "सहा वर्षं रोज सकाळी बायकोचा जप आणि बहिणीची फ्रेंच, दोन्ही एकदम."

वन्सं हसल्या नाहीत. "दादा, तू चाळीस म्हणालास. बेचाळीस होतील. आणि त्या वर्गात ‘माझं नाव अमुक’ इथपासून सुरुवात. मला लिव्हर, किडनी, रक्तदाब सगळं येतं आणि मी पोरांबरोबर ‘हे मांजर आहे’ म्हणत बसू?"

मी पेन्सिल उचलली नाही. "मी सही करणार नाही," एवढंच म्हटलं. त्यांनी कागद उचलला आणि खोलीत गेल्या.

ते तीन दिवस घर कसं होतं सांगू? भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला व्हायचं. सकाळी पलीकडच्या खोलीतून पुटपुट येत नव्हती. माझा जप एकटा पडला होता आणि मला त्यात गोडी वाटेना. वन्सं वेळेवर कामाला जात, वेळेवर येत, जेवत, ताट उचलत. कागद भिंतीवर नव्हता आणि कचऱ्यातही नव्हता. कचरा मी दोनदा पाहिला. देवापुढे बसले की तोंडापर्यंत यायचं, त्यांना अर्ज भरायची बुद्धी दे. मग वाटायचं, आपण कोण असं मागणारे? त्यांचं आयुष्य, त्यांची सहा वर्षं. मी फक्त म्हणायची, त्यांना जे खरं हवंय ते त्यांना दिसू दे.

गुरुवारी दुपारी त्यांना सुट्टी होती. मी भाजी निवडायला बसले. बऱ्याच वेळानं त्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. पाय पसरले. उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत त्यांच्या पावलांपाशी आला होता. त्या त्याकडे बघत राहिल्या. मी मान वर केली नाही. पाखरू खिडकीत बसलं की आपण हालत नाही, तसं.

"वहिनी, भूगोल अवघड असतो का ग?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. "मला काय माहीत? तुम्हाला शाळेत किती मार्क होते?"

"बरे होते. नकाशे मी सुंदर काढायचे. नदीला निळी शाई संपवली म्हणून बाबांचा मार खाल्लाय." मग म्हणाल्या, "कारखान्यात ती पन्नाशीची बाई आहे ना, ती काल विचारत होती, तुमची परीक्षा कशी झाली? मी सांगितलं, पहिलीपासून बसायला सांगतायत. तर म्हणते कशी, बरंच झालं की. मला सुरुवातीचं काहीच माहीत नाही, तुम्ही मला एकदम ‘घाबरू नका’पासून शिकवलंत. आता सुरुवात शिकून या आणि मला सांगा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मोठ्या बाई बघत होत्या. पट्टी सरकवली."

संध्याकाळी त्यांनी यांच्याकडून कात्री आणि डिंक घेतला. योजनेवर कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर नव्या ओळी लिहिल्या. ‘रद्द’ मात्र तसंच राहिलं. लाल पेन्सिल खोडरबरानं जात नाही. म्हणाल्या, राहू दे, छान दिसतंय, खरं वाटतं.

शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या मार्गिकेत. खिडकीशी रांग होती. आमच्या पुढे एक मुलगी होती, केसांत पेन खोचलेली. तिनं मागं वळून विचारलं, "मावशी, फॉर्मवर फोटो आधी चिकटवायचा की सही आधी?"

वन्संनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं. "फोटो आधी," त्या म्हणाल्या. "सही फोटोवर थोडी यायला हवी. आण, मी धरते." आणि त्या मुलीचा फॉर्म भिंतीवर सपाट दाबून धरला. मुलीनं सही केली. मग वन्संनी नेहमीच्या सवयीनं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. "इथे वर्ष चुकलंय तुझं. तू अजून जन्माला यायचीयेस."

मुलगी खो खो हसली. रांगेतली आणखी दोघं आपापले फॉर्म घेऊन पुढे सरकली. वन्सं एकेक बघत होत्या, परत देत होत्या. त्यांचा स्वतःचा फॉर्म माझ्या हातात होता आणि आमचा नंबर कधी आला ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीच पुढे केला. कारकुनानं विचारलं, "दुसरा विषय?" वन्संनी मागं न वळता सांगितलं, "भूगोल."

त्यानं शिक्का मारला आणि पोच दिली. ती मी पिशवीत ठेवली.

बाहेर रस्ता रुंद आणि रिकामा होता. कडेला झाडं होती, त्यांच्या सावल्या फुटपाथवर हळूहळू हालत होत्या. वन्सं माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या. त्यांची फ्रेंचमधली पुटपुट मला ऐकू येत होती. त्या कुणाशी तरी बोलत होत्या, हात किंचित वर करून, समजावून सांगितल्यासारख्या, मध्येच थांबून, जणू समोरचं कुणी उत्तर देतंय. आमचा बसस्टॉप आला. त्या तो ओलांडून तशाच पुढे गेल्या. बसही आली, उभी राहिली, निघून गेली.

मी हाक मारली नाही. पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि त्यांच्या मागून चालत राहिले.